फोटो सांभाळायला किती खर्च येतो?

आत्याच्या फोनवर महिनाभर एकच सूचना येत होती, जागा संपली. तिनं तिच्या परीनं उपाय काढला. रोज सकाळचा चहा घेताना दहा-पंधरा फोटो पुसायचे. पुसता पुसता २०१८च्या वारीतले, चांदोबाच्या लिंबाला झालेल्या उभ्या रिंगणाचे फोटोही गेले. त्यातल्या दोनांत माझे काका गर्दीत टाचा उंचावून बघत होते. काका आता नाहीत.

नशिबानं ते फोटो गूगल फोटोजवर चढलेले होते. चढलेला फोटो पुसला तरी साठ दिवस तिथल्या ‘ट्रॅश’मध्ये राहतो, चढलेला नसेल तर तीसच दिवस. आम्ही बाविसाव्या दिवशी ते परत आणले. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर आधी ट्रॅश उघडा, बाकीचं नंतर वाचा.

आमच्या फलटणला फोटोंना तोटा नाही. माउलींची पालखी तरडगावहून येते, विमानतळावर मुक्काम करते आणि बरडकडे निघते, तेवढ्यात एकेका घरात चार-पाचशे फोटो जमतात. मार्गशीर्षात रामाचा रथ. मध्ये लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं. मग मला विचारणा होते, ‘हे सगळं लावायला कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ?’ एकही घेऊ नका. या कामाची उत्तम सॉफ्टवेअरं फुकट आहेत. पैसे लागतात ते डिस्कला, आणि त्याहून जास्त लागतात त्या संध्याकाळी.

आधी पैशाचं बघू. गूगल फोटोजवर अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ला संपली. आता १५ जीबी फुकट मिळतात आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही बसतं. फोनचा एक फोटो ३-४ एमबीचा धरला तर ती जागा चारेक हजार फोटोंत संपते. व्हिडिओ असतील तर त्याच्याही आधी, कारण फुल एचडीचं एक मिनिटच १०० एमबीच्या आसपास जातं. जागा भरली की नवे फोटो चढत नाहीत आणि मेल यायचीही थांबते. १०० जीबीचं भाडं महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १,३००. दहा वर्षांचे तेरा हजार होतात, आणि भाडं थांबलं की जागाही गेली.

मी १ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, प्रत्येकी साडेचार हजारांच्या आसपास पडल्या. भाव वर-खाली होत असतात, तेव्हा दोन दुकानांत विचारून घ्या. एका डिस्कवर अडीच लाख फोटो मावतात, म्हणजे साध्या कुटुंबाला आयुष्यभराचे. पण दोन घ्या. पैसे कमी असतील तर ५०० जीबीच्या दोन घ्या, २ टीबीची एक नको. पेन ड्राइव्ह हे फोटो इकडून तिकडे न्यायचं साधन आहे, ठेवायचं नाही. लग्नाचा सगळा अल्बम एका पेन ड्राइव्हवर कपाटात ठेवलेली घरं मला माहीत आहेत. त्यांनी आजच त्याची नक्कल करावी.

गूगलचं खातं बंद करा असं मी म्हणत नाही. फोनवरून आपोआप फोटो चढतात, ती सोय मोठी आहे. पण ती दुसरी प्रत समजा, मूळ प्रत नव्हे. आणखी एक. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. घरातलं माणूस गेलं की त्याचं खातं असंच पडून राहतं. काकांचा पासवर्ड आत्याच्या वहीत होता म्हणून आम्ही ‘गूगल टेकआउट’मधून त्यांचे सगळे फोटो उतरवून घेतले. त्याला एक पैसा लागत नाही.

लावायचं काम

यासाठी मी डिजिकॅम वापरते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, इंटरनेट नसलं तरी अडत नाही. हे नुसतं फुकट नाही, मुक्त आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, जगभरातले लोक मिळून तो सांभाळतात. हा फरक मी पिकासामुळे शिकले. पिकासाही फुकट होतं, सुरेख होतं, पण ते एका कंपनीचं होतं आणि २०१६ साली तिनं ते थांबवलं. मुक्त सॉफ्टवेअर एकानं सोडलं तरी दुसऱ्याला ते पुढे चालवता येतं. उतरवून घेताना मात्र डिजिकॅमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींतून नको, तिथे भलतंच काही गळ्यात पडतं.

डिजिकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचं खरंखुरं फोल्डरच. त्यामुळे आधी फोल्डरं नीट करा. नाव वर्षापासून सुरू करायचं: ‘२०१९-०७ वारी’, ‘२०१९-११ रथ’. असं केलं की ती आपोआप क्रमानं लागतात. आमच्याकडे वारीच्या रांगेत २०२० आणि २०२१ नाहीत. त्या दोन वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ती मोकळी जागाही आता आमच्या घरच्या इतिहासाचा भाग आहे.

तारखांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. जुन्या छोट्या कॅमेऱ्याचा सेल उतरला की त्याचं घड्याळ मागे जायचं आणि पुढचे सगळे फोटो चुकीच्या तारखेचे निघायचे. आमच्याकडे एक फोटो होता, तारीख १ जानेवारी २०१२. फोटोत भाचा फलटणच्या फलाटावर उभा आणि मागे गाडी. लोणंद-फलटण रेल्वे सुरू झाली २०१९ला! त्या एका फोटोवरून बरोबरचे साठ फोटो जागेवर आणता आले. सगळे एकदम निवडायचे, ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ घ्यायचं आणि फरक भरायचा, मिनिटभराचं काम. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत काढल्याची तारीख उरतच नाही. त्यांच्या नावात दिसते ती फोटो आल्याची तारीख, तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. छापील फोटो स्कॅन केले तर संगणक स्कॅनची तारीख धरतो. तिथे अंदाजानं का होईना, खरं साल भरा.

त्याच त्या फोटोच्या चार-चार नकला असतील तर ‘फाइंड डुप्लिकेट्स’ शोधून देतं. माझ्याकडे पहिल्याच खेपेला तीन हजारांवर निघाल्या.

खरी मोलाची गोष्ट म्हणजे नावं. डिजिकॅम चेहरे ओळखतं. पहिल्यांदा त्यासाठी काही मोठ्या फायली उतरवून घेतं आणि जुन्या लॅपटॉपवर रात्रभर चालतं, पण थोड्या चेहऱ्यांना नावं दिली की पुढच्यांची नावं स्वतःहून सुचवू लागतं. आजीच्या लग्नातल्या कृष्णधवल फोटोतली माणसं मात्र कुठलंच यंत्र ओळखणार नाही. त्यासाठी मी आत्याला शेजारी बसवते. ती चष्मा पुसते, पडद्याला बोट लावते आणि म्हणते, ‘अगं, ही थोरली नव्हं, तिची जाऊ. थोरलीच्या नाकात नथ असायची.’ मी लिहून घेते. तासाभरात वीस फोटो होतात, कधी पाचच, कारण एकेका माणसामागे गोष्ट निघते. आठ रविवार झाले, अजून जुन्या फोटोंचा अर्धा डबा बाकी आहे. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर बाकी सगळं मागे ठेवा आणि हे आधी करा.

ही नावं फोटोच्या फायलीतच लिहिली गेली पाहिजेत. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये ‘मेटाडेटा’ म्हणून भाग आहे, तिथे टॅग, मथळा आणि चेहऱ्यांची नावं फायलीत लिहा अशा चौकटी आहेत. त्यांवर खूण आहे ना, ते पाहा. नसेल तर सगळी नावं डिजिकॅमच्या स्वतःच्या वहीत राहतात आणि फोटो दुसऱ्या संगणकावर गेला की तो पुन्हा निनावी. नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, शोधताही येतात.

सुधारणं आणि वाटणं

फोनवरच्या फोटोसाठी स्नॅपसीड पुरे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, उजेड-सावली, तिरपा झालेला फोटो सरळ करणं, डाग पुसणं सगळं होतं. पिवळ्या पडलेल्या जुन्या छापील फोटोंना गिंप लागतं. हेही मुक्त, १९९६पासूनचं. ‘कलर्स’मध्ये ‘ऑटो’ आणि त्यात ‘व्हाइट बॅलन्स’ एवढं एकच केलं तरी पुष्कळदा पिवळेपणा निघतो. घडीची रेघ ‘हीलिंग’च्या हत्यारानं थोडी थोडी भरायची. गिंपमध्ये ‘सेव्ह’ केलं तर त्याची स्वतःची फाईल बनते, जी स्टुडिओवाला उघडणार नाही. जेपीजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करा. मूळ स्कॅनवर कधीच काम करू नका, नक्कल घ्या. आणि चेहरे गुळगुळीत करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या उन्हात राबून आलेल्या होत्या.

वाटायला सगळे व्हॉट्सॲपच वापरतात, पण तिथे फोटो दाबून लहान होतो. छापायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसाच्या तसा जातो. मात्र तसाच जातो म्हणजे तो कुठे काढला ते ठिकाणही बरोबर जातं. घरात काढलेला लहान मुलांचा फोटो मोठ्या गटात असा टाकू नका. सगळे एका घरात जमले असतील तर लोकलसेंड घ्या. एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर असले की फोनवरून फोनवर मूळ फोटो जातात, नेट खर्च होत नाही. बाहेरगावच्यांसाठी गूगलचा सामायिक अल्बम सोयीचा आहे, फक्त त्याची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसू शकतात हे लक्षात असू द्या.

थोडे फोटो छापाही. दहा-पंधरा रुपयांत पोस्टकार्डाएवढा फोटो येतो. पंचवीस फोटो म्हणजे अडीचशे ते पावणेचारशे रुपये, आणि आत्याला ते बघायला कुणाची मदत लागत नाही.

एक चूक माझी. भाचीच्या बारशाचं कार्ड मी रिकामं समजून फॉर्मॅट केलं. अशा वेळी कार्ड लगेच बाहेर काढायचं, त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. फोटोरेक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर अशा कार्डातून फोटो उकरून काढतं. परत आलेले फोटो कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे. माझे जवळपास सगळे मिळाले, फायलींची नावं तेवढी गेली.

म्हणून दोन डिस्क. नक्कल करायला फ्रीफाइलसिंक, तेही फुकट. त्यात ‘मिरर’, ‘अपडेट’ असे वेगवेगळे मार्ग आहेत. मिरर घेतलं तर इकडे चुकून पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जातो. तुम्ही अपडेट घ्या.

आमची एक डिस्क घरी असते, दुसरी भावाकडे बारामतीला. दिवाळीला आणि रथाला येताना तो ती घेऊन येतो, जेवणं उरकेपर्यंत नवे फोटो तिच्यावर जातात आणि परतताना ती त्याच्या पिशवीत असते. गेल्या रथाला ते काम चालू असताना पडद्यावर रिंगणाचा तो फोटो आला. आत्या उठून जवळ आली, काकांकडे बघत राहिली, मग त्यांच्या खांद्यामागे बोट ठेवून म्हणाली, ‘हा फेटेवाला बरडचा. ह्याचं नाव राहिलंय बघ. घे लिहून.’