वरेण्याचे एकाकीपण आणि श्रोत्याचा शोध : राजूरच्या गणेशकथेच्या संदर्भात

मराठी समीक्षेत एकाकीपणाची चर्चा मुख्यतः नवकथा, अस्तित्ववाद आणि महानगरीय जाणीव यांच्या अनुषंगाने झाली आहे. त्यामुळे ही जाणीव आधुनिकतेबरोबरच आली, असा समज सहज होतो. त्यातही पुरुषाचे एकाकीपण नायकाच्या बंडखोरीत किंवा तुटलेपणात विरून जाते. पिता, पती, घरचा कर्ता या नात्यांच्या आत राहून एकट्या पडलेल्या पुरुषाकडे स्वतंत्रपणे क्वचितच पाहिले जाते. या दृष्टीने जालना जिल्ह्यातील राजूर या क्षेत्राशी निगडित असलेली वरेण्य राजाची कथा विचारात घेण्याजोगी आहे.

१. कथा आणि क्षेत्र

भोकरदन तालुक्यातील राजूर येथे टेकडीवर राजुरेश्वर गणपतीचे मंदिर आहे. गाणपत्य परंपरेत हे स्थान राजसदनक्षेत्र म्हणून ओळखले जाते व गणेशाच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातील गणेशगीता गजाननाने वरेण्याला येथेच सांगितली, अशी श्रद्धा आहे.

कथा थोडक्यात अशी : राणी पुष्पिकेच्या कुशीत गजमुख, चतुर्भुज बालक दिसते. राजा-राणी भयभीत होतात आणि ते मूल अरण्यात टाकून दिले जाते. पराशर ऋषी व त्यांची पत्नी त्याचा सांभाळ करतात. पुढे तोच बालक सिंदुरासुराचा वध करतो. आपण टाकलेले मूल कोण होते, हे वरेण्याला तेव्हा कळते. पश्चात्तापाने व्याकूळ झालेला राजा त्याच पुत्रापुढे हात जोडून उपदेश मागतो. त्या प्रसंगातून गणेशगीतेचे अकरा अध्याय उभे राहतात.

२. अर्जुन आणि वरेण्य

गणेशगीतेची रचना भगवद्गीतेच्या धर्तीवर झाली आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र दोन्ही ग्रंथांतील श्रोत्यांची मनःस्थिती भिन्न आहे. अर्जुनाचा विषाद कृतीपूर्वीचा आहे. वरेण्याचा पश्चात्ताप कृतीनंतरचा आहे. अर्जुनाला अजून निवड करावयाची आहे. वरेण्याची निवड होऊन गेली आहे व ती चुकली आहे. अर्जुन दोन सैन्यांच्या मध्ये, आप्तांच्या गर्दीत उभा आहे आणि त्याचा सांगाती त्याचा सखा आहे. वरेण्याला असा सखा नाही. राजा असल्यामुळे त्याच्या अवतीभवती माणसे पुष्कळ असतील. परंतु अपत्यत्यागाचे ओझे ज्याच्यापाशी उतरवावे, असा समान पातळीवरील कोणी कथेत दिसत नाही. सत्ता आणि एकाकीपण येथे एकत्र नांदतात.

ज्याच्यावर अन्याय केला तोच श्रोता होतो व पुढे गुरू होतो, ही या कथेतील महत्त्वाची कलाटणी होय. पिता-पुत्र नात्यातील अधिकाराची उतरंड येथे उलटते. आठव्या अध्यायातील विश्वरूपदर्शन या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरते. ज्या मुखाकडे जन्मसमयी पाहवले नाही, त्याच पुत्राचे समग्र रूप पाहण्याची याचना पिता करतो. येथे ‘दर्शन’ हे केवळ भक्तीचे फल राहत नाही. नाकारलेल्याकडे पुन्हा पाहण्याचे धैर्य असाही अर्थ त्याला प्राप्त होतो.

उपदेशानंतर वरेण्य राज्याचा त्याग करून अरण्यात जातो. कथेच्या आरंभी अरण्य हे त्यागलेल्या बालकाचे स्थान होते. अखेरीस ते पित्याच्या साधनेचे स्थान होते. एकटेपण नाहीसे झालेले नाही. एकाकीपणाचे रूपांतर एकांतात झाले आहे. या दोहोंच्या मध्ये उभी आहे ती एका श्रोत्यापुढे दिलेली कबुली.

या मांडणीला एक मर्यादाही आहे. त्यागाच्या दुःखात सहभागी असलेल्या पुष्पिकेला गणेशगीतेत श्रोत्याचे स्थान नाही. पुरुषाच्या एकाकीपणाला ग्रंथ लाभतो, स्त्रीचे एकाकीपण कथेच्या काठावर राहते, याची नोंद घ्यावी लागते.

३. संबोधनाची परंपरा

श्रोता शोधण्याची ही रीत मराठी संतवाङ्मयातही आढळते. १६०८ साली याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांचे उदाहरण लक्षणीय आहे. परंपरागत चरित्रांनुसार त्यांनी बोहल्यावरून निघून नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली. करुणाष्टकांत ते रामाला आळवतात; मनाच्या २०५ श्लोकांत स्वतःच्या मनालाच समोर बसवितात. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने व्याकुळता लपविली नाही. तिला संबोधनाचे रूप दिले. आळवणी हा दुर्बलतेचा उद्गार नसून मनाला सावरणारी वाङ्मयीन शिस्त आहे, असे त्यावरून म्हणता येते.

४. श्रोता हरवल्यानंतर

आधुनिक ग्रामीण कादंबरीत हा श्रोता हरवलेला दिसतो. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये शिंपीकाम करणाऱ्या पुरुषाची परवड त्याच्या पत्नीच्या निवेदनातून कळते. त्याचे मौन वाचकापर्यंत पोहोचते ते दुसऱ्याच्या वाणीतून. भोकरदनला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तिच्यातील एकनाथ उच्चशिक्षित असूनही नोकरीला मुकतो, शेतीत अडकतो आणि पत्नीही माहेरी निघून जाते. घर भरलेले असते, पण एकनाथाचे मन ऐकून घेणारे कोणी उरत नाही. कर्त्या पुरुषाने रडू नये, गाऱ्हाणे सांगू नये, हा संकेत वरेण्याच्या राजपदाइतकाच जड ठरतो. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या या प्रदेशात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

५. समारोप

राजूरची कथा एकाकीपणावर जो मार्ग सुचविते, तो गर्दीत मिसळण्याचा नाही आणि मन कठोर करण्याचाही नाही. प्रथम आपली चूक व आपले दुःख उच्चारणे, त्यासाठी अधिकाराच्या आसनावरून खाली उतरणे आणि मग ऐकणे, असा तो क्रम आहे. श्रोता देव असो, स्वतःचे मन असो वा दुरावलेला पुत्र असो. तो सापडला तर एकाकीपण एकांत होते, न सापडला तर त्याचे मौन होते. मराठी कादंबरीतील पुरुषांच्या मौनाचा अभ्यास करताना, त्यांच्याभोवतीच्या किती पात्रांना श्रोता होणे शक्य होते आणि ती का होऊ शकली नाहीत, हा प्रश्न विचारला गेल्यास या कलाकृतींचे वाचन अधिक अर्थपूर्ण होईल.