न दिसण्याची कला

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात शिरगाव नावाचे गाव आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथील एखाद्या उघड्या माळावर गेल्यास टिटवी कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते. तिची अंडी जवळच कोठेतरी असतात. पण शोधू गेल्यास ती सहसा सापडत नाहीत. टिटवी काड्यांचे घरटे बांधीत नाही. जमिनीतील उथळ खळग्यात ती अंडी घालते. त्यांचा मातकट रंग व त्यांवरील काळसर ठिपके यांमुळे ती आसपासच्या खड्यांत मिसळून जातात. इतक्या उघड्यावर असूनही ती वाचतात, ती दिसत नाहीत म्हणून.

शिरगावापासून जवळच देहूरोडची लष्करी छावणी आहे. जवानांच्या अंगावरील रंगीबेरंगी ठिपक्यांचा गणवेश तुम्ही पाहिला असेल. तो शोभेसाठी नसतो. टिटवीच्या अंड्यांना राखणारे तत्त्वच त्यात योजलेले असते. सभोवतालच्या रंगरूपात मिसळून शत्रूची नजर चुकविणे यास 'मायावरण' म्हणतात.

पूर्वी सैनिक ठळक रंगांचे पोशाख घालीत. रणांगणावर दारूचा दाट धूर पसरे, तेव्हा आपला कोण व परका कोण हे रंगावरूनच ओळखावे लागे. पुढे बिनधुराची दारू व लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि तोच भडक रंग प्राणघातक ठरू लागला. भारतात त्यापूर्वीच, १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या 'गाइड्स' पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले होते. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ. त्यावरून 'खाकी' हा शब्द रूढ झाला. फ्रान्सने मात्र लाल विजार सोडली नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा फ्रेंच सैनिक त्याच वेषात रणात उतरले व शत्रूला दुरूनच दिसू लागले.

त्या सैन्यात गिरां द सेव्होला नावाचा चित्रकार होता. रंगविलेल्या कापडाखाली तोफा दडविता येतील, असे त्याने दाखवून दिले. १९१५ साली फ्रान्सने मायावरणाचे स्वतंत्र पथक स्थापून त्याचे नेतृत्व त्याच्याकडे दिले. चित्रकार, मूर्तिकार व नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर त्यात सामील झाले. त्यांचे बोधचिन्ह होते रंग बदलणारा सरडा! तोफगोळ्यांनी होरपळलेल्या एखाद्या झाडाचे ते बारकाईने चित्र काढीत आणि त्याबरहुकूम पोकळ झाड तयार करीत. मग रात्रीच्या अंधारात खरे झाड पाडून त्या जागी ते उभे करीत. सकाळी शत्रूला तेच झाड दिसे. पण त्याच्या पोटात बसून एक सैनिक शत्रूची टेहळणी करीत असे!

मायावरणाचा नमुना काढणे सोपे नसते. केवळ हिरवा रंग दिल्याने माणूस लपत नाही. त्याचे खांदे, हात, डोके यांची आकृती डोळा चटकन ओळखतो. म्हणून निरनिराळ्या रंगांचे पट्टे त्या आकृतीला आडवे जातील अशा रीतीने योजावे लागतात. जवळून व दुरून असे दोन्ही प्रकारे पाहणाऱ्याला फसवावयाचे असते. त्यासाठी अलीकडे संगणकाच्या साहाय्याने बारीक चौकोनांचे नमुने रचतात. जवळून ते पानांच्या व मातीच्या कणांसारखे भासतात. दुरून तेच एकत्र मिळून मोठे डाग दिसतात. शिवाय भूमीही एकसारखी राहत नाही. मावळातील जो डोंगर श्रावणात हिरवागार असतो, तोच वैशाखात पिवळा व तपकिरी पडतो. एका रंगाची निवड चुकली, तर त्याची किंमत कोणा जवानाला प्राणांनी मोजावी लागते.

भारतीय सेनेसाठी असाच नवा गणवेश दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सेनेच्या सहकार्याने तयार केला. १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात तो प्रथम जनतेसमोर आला. पूर्वीच्या नमुन्याचे कापड बाजारात सहज मिळत असे. कोणीही ते अंगावर चढवून सैनिक म्हणून मिरवू शके. हे टळावे म्हणून नव्या नमुन्याची त्याच वर्षी सेनेच्या नावे नोंदणी करण्यात आली.

आपले चित्र सर्वांनी पाहावे, असे प्रत्येक चित्रकाराला वाटते. मायावरण रचणाऱ्या कलावंताची गोष्ट मात्र वेगळी असते. त्याचे चित्र कोणाच्या ध्यानातही आले नाही, तरच ते साधले असे म्हणावयाचे. त्याला रणांगणावर टाळ्या मिळत नाहीत. कोणा मातेचा पुत्र सुखरूप घरी परततो, हेच त्याच्या कलेचे पारितोषिक होय.

स्वाध्याय

१. टिटवीची अंडी शत्रूपासून कशी वाचतात?
२. जुन्या काळी सैनिकांचे पोशाख भडक का असत? पुढे ते का बदलावे लागले?
३. 'एका रंगाची निवड चुकली, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते,' असे का म्हटले आहे?
४. आपल्या परिसरातील असा एखादा प्राणी शोधा, जो सभोवतालच्या रंगात मिसळून जातो. त्याविषयी पाच वाक्ये लिहा.