कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ : पाड्याची यादी सीएसव्ही फाईलमध्ये

गोरेगाव पूर्वेची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये वसली. वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबांचे पाडे तिथे त्याआधीपासून आहेत. पण अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून आपण घरोघरी जाऊन आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी वहीत उतरवून घेतो. वहीतली नोंद संगणकात चढवताना बिघडली, तर दाखला अडतो तो त्या घरातल्या मुलाचा. म्हणून हा पाठ.

सीएसव्ही म्हणजे काय?
ही साध्या मजकुराची फाईल. एक ओळ म्हणजे एक कुटुंब आणि दोन रकान्यांच्या मधली भिंत म्हणजे स्वल्पविराम. पत्ता 'खांबाचा पाडा, आरे' असा असेल, तर त्यातला स्वल्पविरामही भिंत ठरतो आणि जमातीच्या रकान्यात 'आरे' जाऊन बसते. म्हणून स्वल्पविराम हाताने जोडू नयेत. पायथनचा सीएसव्ही विभाग अशा पत्त्याला आपोआप अवतरणचिन्हांत ठेवतो.

कृती (आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात)
१. 'इम्पोर्ट सीएसव्ही' लिहा.
२. 'विथ ओपन' ने फाईल उघडा, म्हणजे काम संपल्यावर ती आपोआप बंद होते. 'डब्ल्यू' लिहिल्यास जुना मजकूर पुसला जातो, 'ए' लिहिल्यास नव्या ओळी शेवटी जोडल्या जातात. दुसऱ्या दिवशी चुकून 'डब्ल्यू' टाकले, तर पहिल्या दिवसाचा पाडा गेला!
३. 'न्यूलाइन' रिकामे ठेवा, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर कोरी ओळ येते. 'एन्कोडिंग' मध्ये 'यूटीएफ-८-सिग' लिहा, म्हणजे एक्सेलमध्ये मराठी अक्षरे नीट दिसतात.
४. 'सीएसव्ही.रायटर' तयार करा. 'रायटरो' ने आधी रकान्यांची नावे लिहा, मग एकेका कुटुंबाची ओळ. मथळा एकदाच लिहायचा; 'ए' ने जोडताना पुन्हा नको.

तारखा जपा
उताऱ्यावर '१२-६-२५' असते. आपल्याला ते १९२५ आहे हे कळते, पण एक्सेल त्याचे २०२५ करते. तशीच फाईल जतन केली, की पणजोबांचा पुरावा शंभर वर्षे पुढे गेला. म्हणून वर्ष चार अंकी आणि आधी लिहावे : १९२५-०६-१२. फक्त वर्षच माहीत असेल, तर १ जानेवारी अशी तारीख आपल्या मनाने घालू नये. वर्षाचा रकाना वेगळा ठेवावा. शिवाय 'कागदावर जसे आहे तसे' असा एक रकाना असू द्यावा.

आधार क्रमांक या यादीत घेऊ नये. फाईल हातोहाती फिरते आणि यादीच्या कामाला तो लागत नाही.

स्वाध्याय
१. तीन काल्पनिक कुटुंबांची फाईल तयार करा. एकाच्या पत्त्यात स्वल्पविराम असू द्या.
२. फाईल नोटपॅडमध्ये उघडून अवतरणचिन्हे कुठे आली ते पाहा.
३. चौथे कुटुंब 'ए' ने जोडा आणि पहिली तीन शाबूत आहेत ना, हे तपासा.

खऱ्या कामात शेवटची तपासणी पाड्यावरच करावी. कुटुंबाची ओळ त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावी. नावात किंवा नात्यात झालेली चूक घरातल्या आजीला लगेच कळते.