काळी बिअर स्ट्राँगच असते का?

प्रश्न : मित्र क्राफ्ट बिअर चाखायला बोलावतात. काळी बिअर फार स्ट्राँग असेल, ही भीती वाटते. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, पुंगोल, सिंगापूर

उत्तर : भीती सोडा. काळा रंग खरपूस भाजलेल्या बार्लीमुळे येतो, अल्कोहोलमुळे नव्हे. काळीभोर गिनेस ड्राफ्ट सुमारे 4.2 टक्क्यांची, तर सोनेरी बेल्जियन ड्युव्हेल तब्बल 8.5 टक्क्यांची! म्हणून रंग पाहू नका, लेबलवरचा आकडा वाचा. अति गार बिअरचा सुगंध दबतो. ग्लासात ओतून थोडं थांबा, वास घ्या, मग लहानसा घोट. हलकीपासून सुरू करा, मधूनमधून पाणी प्या. नाही आवडली तर खुशाल ठेवून द्या. मात्र गाडी नेऊ नका. आणि रात्री साडेदहानंतर पुंगोल वॉटरवेच्या काठावर कॅन उघडू नका. सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी पिण्यास कायद्याने बंदी आहे.