फरशीकामाचे कसब आणि पालकांची चिंता

दहावीचा निकाल हाती आला आणि पुस्तकापेक्षा हातांच्या कामात अधिक रमणाऱ्या मुलाने आपण फरशी बसवण्याचे काम शिकणार असे सांगितले, की घरातील वडीलधाऱ्यांना पहिली धास्ती वाटते ती लौकिकाची. ‘एवढे शिकवले ते गवंड्याच्या हाताखाली राबायला का?’ या प्रश्नामागील माया मला कळते. परंतु ज्या कामाविषयी तो विचारला जातो, ते विचारणाऱ्याने जवळून पाहिलेले क्वचितच असते.

वाकबगार मिस्त्री मोकळ्या खोलीत शिरल्यावर आधी फरशीला हातही लावीत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी फिरवून तो चारही भिंतींवर एका पातळीची रेघ मारतो, त्या रेघेपासून खाली मोजीत जमिनीचा उंचसखलपणा हुडकतो, आणि कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून तिरके अंतर बरोबर पाच फूट भरते की नाही, यावरून खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, असल्याची खातरजमा करून घेतो. पुष्कळ खोल्या गुण्यात नसतातच. म्हणून दारातून येणाऱ्याच्या दृष्टीस अखंड फरशी पडावी व कापलेले तुकडे कपाटाखाली जावेत, अशी मांडणी त्याला आधीच मनात रचावी लागते. न्हाणीघरात तर पाणी जाळीकडे वाहावे, पण उभे राहणाऱ्याला उतार जाणवू नये, असे दुहेरी अवधान राखावे लागते. भूमितीच्या तासाला जांभया देणारा मुलगा येथे पायथागोरसचा सिद्धान्त रोज वापरतो.

सामग्रीही पालटली आहे. शहाबादी व कडप्पा सिमेंटच्या मसाल्यावर बसत. मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड फरशी मात्र पाणी जवळजवळ शोषीतच नाही, म्हणून तिला निराळे केमिकल लागते, आणि ते दातेरी थापीने सारखे पसरले नाही, तर आत हवा राहून फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते आणि पुढे जड भांडे पडताच तडकते. हा आवाज ओळखणारा कान उमेदवारीतच तयार होतो.

पालकांनी चिंता करायचीच, तर ती गुडघ्यांची आणि धुळीची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दगड वा फरशी कोरडी कापताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून कापणे, योग्य मास्क लावणे, गुडघ्यांना गाद्या बांधणे, या सवयी मुलाला पहिल्या दिवसापासून लागल्या पाहिजेत. ज्या मिस्त्रीच्या कामावर त्यांची हेळसांड होते, तेथे त्याला ठेवू नये.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा चांगला पाया आहे. त्यानंतर एखाद्या नेकीच्या मिस्त्रीकडे उमेदवारी करावी. वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर भरले, की अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. ती टाळू नये. प्रारंभी रोजंदारी मिळते, पुढे मेहनताना चौरस फुटावर ठरतो, आणि मोजमाप, नासधूस व दर यांचा हिशेब ज्याला स्वच्छ लिहिता येतो, तो कालांतराने स्वतः मक्ता घेऊ लागतो. यासाठीच दहावी-बारावीचे शिक्षण अर्धवट सोडू नये. आणि निर्णय घेण्यापूर्वी, मुलाबरोबर वडिलांनीही एखाद्या चालू कामावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक पूर्ण दिवस बसून यावे.