मासा शोधताना तळं उपसलं

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक मासा होता. पडद्याच्या वरच्या पट्टीत, घड्याळाच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढा. शेपटी हलवत राहायचा आणि टिचकी मारली की एखादं वाक्य बोलायचा. याखेरीज त्याला काम नव्हतं. एका रविवारी तो नाहीसा झाला, आणि त्याला परत आणण्याच्या नादात मी पगाराच्या आदल्या रात्री तीन कारखान्यांची पगारपत्रकं अडकवून बसलो. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मी भिवंडीत कामतघरला राहतो. दिवसा अंजूरफाट्याकडे एका गोदामात नोकरी आणि रात्री जेवण झाल्यावर तीन यंत्रमाग कारखान्यांचा हिशेब. कारखानदार मला मेहताजी म्हणतात. कारागिराची मजुरी मीटरवर असते. कुणी किती कापड काढलं, कुणी किती उचल घेतली, कुणाचे किती कापले, हे सगळं दर पंधरवड्याला कागदावर उतरवून द्यावं लागतं. त्यासाठी लिबर ऑफिसमध्ये मी एक कोरा साचा तयार केला होता. नावं आणि मीटर भरले की बाकीचं तो करायचा. कॉम्प्युटर जुना, दोन जीबी रॅमचा. त्यावर विंडोज धापा टाकायला लागलं तेव्हा मी लिनक्सचं उबुंटू मेट घातलं आणि यंत्राला पुन्हा जीव आला.

हे मेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण माशाचं मूळ तिथे आहे. लिनक्सवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप फार वापरात होता. वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि त्या पट्ट्यांत आपल्या आवडीच्या वस्तू मांडायच्या. २०११च्या एप्रिलमध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तो सगळा संसार बदलला. जुनी मांडणी ज्यांना सोडवेना त्यांच्यापैकी अर्जेंटिनातल्या एकाने जुन्या ग्नोमचा कोड उचलून त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. ती मेट. तिकडच्या येर्बा माते नावाच्या पेयावरून हे नाव आलं, त्यामुळे खरा उच्चार माते; पण आमच्याकडे सगळे मेटच म्हणतात. वेगळं होताना त्यांनी भांडीकुंडी नेली तसा मासाही नेला. त्याचं नाव वान्डा. टिचकी मारली की तो फॉर्च्यून नावाची कमांड चालवून एक सुविचार किंवा चुटका दाखवतो. फॉर्च्यून स्वतः १९७९च्या युनिक्समध्येही होती, म्हणजे माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या मागांइतकीच जुनी. वान्डाचा बाणा असा, की तिला एखादी उपयोगाची कमांड जोडायला जा, उदाहरणार्थ यंत्र किती वेळ चालू आहे ते सांगणारी, तर ती ताकीद देते: ही वस्तू निरुपयोगी आहे, कृपा करून तिला कामाला लावू नका. माशाचं नाव बदलता येतं. माझ्या चौथीतल्या मुलीने ते मांदेली ठेवलं होतं.

आता रविवारची गोष्ट. कल्याणहून भाचा आला होता. त्याला विंडोजची सवय. "मामा, हे विंडोजसारखं दिसायला लावू का?" म्हणाला. मेट ट्वीक नावाचा एक प्रोग्राम असतो, त्यात पट्ट्यांच्या तयार मांडण्या मिळतात. विंडोजसारखी हवी तर तिचं नाव रेडमंड, ॲपलसारखी हवी तर क्युपर्टिनो. दोन्ही त्या कंपन्यांची गावं. भाच्याने रेडमंड निवडली. वरची पट्टी गेली, खाली एक जाड पट्टी आली. दोन तासांनी तो गेला आणि मी पुन्हा जुनी, फॅमिलियर नावाची मांडणी लावली. वरची पट्टी आली, घड्याळ आलं. मांदेली आली नाही.

"बाबा, मांदेली कुठे गेली?"

तिथे मी विचार करायला हवा होता. मी लावलेली फॅमिलियर ही कंपनीची कोरी मांडणी होती. मासा मी हाताने ठेवला होता, तो तिच्यात कुठून असणार? पण मला वाटलं, भाच्याने काहीतरी मोडलं. मग आधी पॅनेल, म्हणजे त्या पट्ट्या चालवणारा प्रोग्राम, पुन्हा चालू केलं, मग यंत्र बंद-चालू केलं, मग मेट-पॅनेलचं पॅकेज काढून पुन्हा घातलं. पॅकेज काढताना त्याच्याबरोबर आणखी काय काय जाणार, याची यादी यंत्राने दाखवली होती. ती न वाचता वाय दाबलं. नशिबाने पुन्हा घातल्यावर सगळं आलं, मासा सोडून.

मग कुठेतरी ऐकलेलं आठवलं, की सगळ्या सेटिंगा घरच्या फोल्डरात कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतात आणि तो उडवला की यंत्र नव्यासारखं होतं. ते खरंच आहे. कंट्रोल-एच दाबलं, लपलेले फोल्डर दिसले, कॉन्फिगवर टिचकी मारली आणि शिफ्ट-डिलीट दाबलं. शिफ्टबरोबर डिलीट म्हणजे कचरापेटीतही जात नाही, सरळ जातं. रात्रीचे साडेदहा झाले होते. लॉग आउट होऊन परत आलो.

यंत्र खरोखर नव्यासारखं झालं होतं. म्हणजे मराठी कळफलक गेला, कारण आयबसची सेटिंग तिथेच असते. क्रोमियमच्या खुणा आणि साठवलेले पासवर्ड गेले. सगळ्यांत वाईट म्हणजे लिबर ऑफिसची माझी घडी मोडली. साचे आणि आपण शब्दकोशात घातलेले शब्द या कॉन्फिग फोल्डरच्या पोटातच असतात, हे मला त्या रात्री कळलं. चार वर्षं मी त्यात कारागिरांची, व्यापाऱ्यांची नावं घालत आलो होतो; कुणी आझमगढचा, कुणी सोलापूरकडचा, कुणी पद्मानगरातला तेलुगू पद्मशाली. आता प्रत्येक नावाखाली तांबडी रेघ. पगारपत्रकाचा साचा गेला. जुनी भरलेली पत्रकं डॉक्युमेंट्समध्ये होती म्हणून वाचलो. एका जुन्या पत्रकातले आकडे पुसून पहाटे साडेतीनपर्यंत साचा पुन्हा उभा केला. आमच्या इथून वऱ्हाळा तलाव जवळ आहे. एक मासा हरवला म्हणून मी त्या तलावाला पंप लावला होता, असं बायको म्हणाली. तिचं अजूनही तेच म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी पत्रकं द्यायला कारखान्यात गेलो. तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, चाळीस वर्षं मागांत आहे. शेठला मी उशिराचं कारण सांगत होतो, ते त्याने ऐकलं. म्हणाला, "मेहताजी, माग थांबला तर आम्ही आधी कांडी बघतो. धोट्यातला बाणा संपला असेल तर कांडी बदलायची आणि माग सोडायचा. मग तुटलेला धागा बघायचा. नवीन पोरगा येतो तो आधी पाना घेतो." एवढं बोलून तो कामाला लागला. माझ्या हातात पाना होता, हे मला सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री मी पट्टीवरच्या मोकळ्या जागेत उजवी टिचकी मारली. ॲड टू पॅनेल असा पर्याय आला. यादी उघडली, शोधायच्या जागी फिश टाइप केलं. वान्डा तिथेच होती. ॲड दाबलं. मासा पट्टीत पोहायला लागला. एक मिनिटही लागलं नाही.

ज्यांची अशी एखादी गमतीची वस्तू पट्टीवरून गेली असेल, मासा असो, माऊसच्या मागे फिरणारे डोळे असोत की आणखी काही, त्यांनी आधी एवढंच ठरवावं: वस्तू पट्टीवरून गेली आहे की यंत्रातून? पट्टीवरची मोकळी जागा, उजवी टिचकी, यादी. यादीत नाव दिसलं तर ती यंत्रात आहे, फक्त मांडायची आहे. बहुतेकांचं काम इथेच संपतं. यादीत नावच नसेल तर पॅकेजकडे वळायचं. मेटमध्ये मासा पॅनेलच्याच पॅकेजात येतो, डोळे मेट-ॲपलेट्स या वेगळ्या पॅकेजात. जे नाही तेवढंच घालावं. मासा दिसतो पण बोलत नाही, अशीही एक तक्रार असते. तेव्हा फॉर्च्यूनचं पॅकेज नाही असं समजावं.

अपडेट अर्धवट राहिलं की मेटचं पॅनेल कधीकधी विचारतं: अमुक वस्तू लोड करताना अडचण आली, ती तुमच्या मांडणीतून काढून टाकू का? घाईत लोक हो म्हणतात आणि मग दुसऱ्या दिवशी शोधत बसतात. नाही म्हणा, अपडेट पुरं करा, वस्तू बहुधा आपल्या जागी परत दिसते.

दोष तुमच्या सेटिंगांचा की यंत्राचा, हे कळत नसेल तर यंत्रावर दुसरा युजर तयार करून त्यात शिरून बघा. तिथे मासा पोहला तर यंत्र चांगलं आहे. मग फक्त पॅनेल मूळ स्थितीला आणा. मेट-पॅनेल या कमांडला रिसेट जोडलं की तेवढंच होतं, लिबर ऑफिसला धक्का लागत नाही. आणि कॉन्फिग फोल्डरला हात लावायचीच वेळ आली तर त्याचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. नाव बदललेला फोल्डर परत आणता येतो. शिफ्ट-डिलीटने गेलेला आणायचा म्हणजे निष्णात माणूस आणि पैसे दोन्ही लागतात, आणि तरी खात्री नाही.

मांडणी मनासारखी झाली की मेट ट्वीकमध्येच ती आपल्या नावाने साठवता येते. रेडमंड आणि क्युपर्टिनोच्या खाली माझ्या यादीत आता एक भिवंडी आहे. भाच्याने पुन्हा काही केलं तर मी भिवंडी निवडतो, मासा जागेवर येतो.

डोळ्यांबद्दल एक वेगळी सूचना. लिनक्सवर एक्सआइज नावाचे सुटे डोळे असतात. ते फार जुने. १९८८च्या सिग्राफ संमेलनात दिसलेल्या एका प्रोग्रामवरून कीथ पॅकार्ड यांनी ते एक्स विंडोसाठी आणले. एक्स विंडोच्या जागी आलेल्या हल्लीच्या वेलँडवर ते कधी माऊसकडे बघतात, कधी आंधळ्यासारखे थांबतात. ते बिघडलेले नसतात. दुसऱ्याच्या खिडकीवर माऊस कुठे आहे, हे वेलँड बाहेरच्या प्रोग्रामला सांगत नाही. सुरक्षेसाठी ते बरंच आहे. तेव्हा त्यांच्यापायी काहीही काढू-घालू नका. उलट त्यांचा एक उपयोग निघाला आहे: ज्या खिडकीवर डोळे माऊसकडे बघतात, ती जुन्या पद्धतीने चालते आहे, हे त्यावरून ओळखतात. वान्डाला हा उपयोग कळला तर ती डोळ्यांशी बोलणार नाही.

मासा परत आल्यावर मी एक काम मात्र मुद्दाम केलं. फॉर्च्यूनची फाइल साधी असते. एक वाक्य, त्याखालच्या ओळीत टक्क्याची खूण, मग पुढचं वाक्य. स्ट्रफाइल नावाच्या कमांडने तिची सूची बनवायची की झालं. मुलीने आजीला विचारून साठ-सत्तर म्हणी गोळा केल्या आणि आता मांदेली मराठीत बोलते. माझ्या नशिबी पहिल्याच टिचकीला नाकापेक्षा मोती जड आलं. मुलगी अजून हसते.

हे सगळं झाल्यानंतर पहिला एक एप्रिल आला. सकाळी कॉम्प्युटर लावला तर मासा पोट वर करून मेलेला. मुलगी रडवेली झाली. माझा हात सवयीने टर्मिनलकडे गेला होता, पण जॉबर आठवला. आधी माशावर टिचकी मारली. पाणी बदलायला हवं, आजची तारीख बघा, असं त्याने सांगितलं. करणाऱ्यांनी ही थट्टा त्यात घालून ठेवली आहे. स्पेन किंवा मेक्सिकोच्या वेळेवर यंत्र लावलं असेल तर ती २८ डिसेंबरला होते, कारण तिकडे मूर्ख बनवण्याचा दिवस तो. तुमच्याकडे एक एप्रिलला मासा उलटा दिसला तर कशालाही हात लावू नका. दुपारी बाराला तो आपोआप सुलटा होतो.