बत्तीस किलोबाइटांतील ब्रह्मांड

इ. स. १९८४ मध्यें केंब्रिज येथील डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोघां विद्यार्थ्यांनीं बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकाकरितां रचलेला 'एलीट' हा खेळ आम्हीं नुकताच पुनः खेळून पाहिला. शंभर क्रेडिट पदरीं घेऊन अंतराळनौकेनें निघावें, एका ग्रहावरील स्वस्त माल दुसऱ्यावर महाग विकावा, वाटेंत चांच्यांशीं झुंजावें, असा त्याचा क्रम. पडद्यावर नुसत्या रेषांच्या आकृति पाहून प्रथम आमची निराशाच झाली.

परंतु विचारांतीं नवल वाटलें. यंत्राची स्मृति अवघी ३२ किलोबाइट; खेळांत मात्र ८ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ ग्रह! इतक्या ग्रहांची माहिती ठेवावी कोठें? कर्त्यांनीं ती ठेवलीच नाहीं. तीन संख्या बीजरूपानें घेऊन बेरजेनें पुढील संख्यांची माळ केली, व त्या अंकांवरून प्रत्येक ग्रहाचें नांव, स्थान व व्यापार ठरविला. बीज तेंच, म्हणून ग्रहही दरवेळीं तेच.

ज्या बेरजेस आपण वर्गांत कंटाळतों, तिनेंच येथें २०४८ ग्रह उभे केले! विद्यार्थिमित्रहो, 'साधनें अपुरीं' ही सबब पुढें करण्यापूर्वीं या ३२ किलोबाइटांचें स्मरण करावें. आम्हीं तरी तसा निश्चय केला आहे.